गरम पाण्याच्या हॉटेलात, पप्पा आणि मी

उल्हासनगरच्या मार्केटात पप्पांसाठी जाड जॅकेट घ्यायला गेलो, तेव्हा माझा धाकटा भाऊ जपानमधल्या एका हॉस्पिटलच्या शवागारात होता. दुकानदार सिंधी, बोलका. पप्पांच्या खांद्यावर जॅकेट चढवत त्यानं विचारलं, "चाचा, शिमला जा रहे हो क्या?"

"नहीं. लडके के पास. जपान."

"अरे वा! नसीबवाले हो."

पप्पांनी आरशात बघितलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाले, "बराबर है. पॅक कर दो."

मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर येऊन स्कूटरला टेकलो.

भाऊ माझ्याहून बराच लहान. आम्ही बुवापाड्यातल्या चाळीत वाढलो, पप्पा अंबरनाथच्या केमिकल कंपनीत होते. भावानं आयटीआय केलं, तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये लागला आणि दिवसभर काम करून संध्याकाळी कल्याणला जपानी भाषेच्या क्लासला जायला लागला. आम्ही त्याला हसायचो. तो खरंच गेला. डोंगरातल्या एका छोट्या गावात, मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. एकदा गरम पाण्याच्या एका जुन्या हॉटेलच्या दारातून केला होता. केस ओले, गाल लाल. "पप्पा, इथं जमिनीतूनच कढत पाणी येतं. तुमचे गुडघे इथं आणून बुडवायचेत मला."

थंडी सरली की तो आम्हाला बोलावणार होता. त्यासाठी पासपोर्ट काढले. पप्पांचा आणि माझा आला. आईचा अडकला, कारण एका कागदावर तिचं माहेरचं नाव होतं आणि दुसऱ्यावर सासरचं. ते सरळ होण्याआधीच थंडी आली. शिफ्ट संपवून सायकलवरून खोलीवर परतताना बर्फावरून त्याचं चाक घसरलं आणि तो रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कालव्यात पडला. सकाळी लोकांना दिसला.

निघताना आई दारात उभी होती. रडत नव्हती. "त्याला घेऊन या," ती पप्पांना म्हणाली. "जसा असंल तसा आणा. मला त्याचं तोंड बघायचंय."

"आणतो," पप्पा म्हणाले.

तिकडे आम्हाला भावाच्या कारखान्यातला एक नेपाळी मुलगा घ्यायला आला. त्याला हिंदी येत होतं, जपानीही. हॉस्पिटलमध्ये तो म्हणाला, "पहचान के लिए एक ही आदमी चलेगा." मी पुढे झालो, तर पप्पांनी माझ्या छातीवर हात ठेवला. "तू थांब."

ते आत गेले आणि लवकरच बाहेर आले. बाकावर बसले, पाणी मागितलं. ग्लास तसाच हातात धरून म्हणाले, "इथंच करायचं."

"काय?"

"अग्नी. इथंच द्यायचा."

"पप्पा, आईला काय सांगायचं? ती वाट बघतीये."

"मी सांगतो तिला."

त्यांनी तिथूनच फोन लावला. शेजारी बसलेल्या मला आईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "तुमचं काळीज दगडाचं आहे. माझ्या पोराला परक्या देशात जाळून येणार?" तिनं फोन ठेवेपर्यंत पप्पांनी तो कानाला धरून ठेवला. मलाही त्यांचा राग आला होता. एवढ्या लांब येऊन त्रास नको म्हणून ते सोपा मार्ग काढतायत, असं वाटलं.

तिथल्या रीतीप्रमाणे दहन झाल्यावर हाडं घरच्यांनी उचलून एका भांड्यात ठेवायची असतात, लांब काड्यांनी, दोघांनी मिळून एकेक. आधी पायाची, शेवटी डोक्याची, म्हणजे माणूस भांड्यात उभा राहतो. आम्हाला काड्या धरता येत नव्हत्या. एक तुकडा निसटून ट्रेवर पडला, त्याचा किती बारीक आवाज झाला! पप्पांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही तो परत उचलला.

परतीचं विमान लगेच नव्हतं. कंपनीनं आमची सोय गावातल्या त्या जुन्या हॉटेलात केली. दार बघताच मी ओळखलं. भावानं फोन केला होता, तेच. मालकीणबाई सत्तरीच्या असतील. पायरीवर गुडघे टेकून त्या आधी पप्पांच्या हातातल्या पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या भांड्यापुढे वाकल्या, मग आमच्यापुढे. खोलीत गवताच्या चटया, कागदाची सरकती दारं. कोनाड्यात त्यांनी भांड्याला जागा केली आणि समोर चहाचा कप ठेवला.

खोलीत घालायला सुती झगे दिले होते, पट्ट्यानं बांधायचे. पप्पांनी बनियनवरच चढवला. बाई आमचा चहा घेऊन आल्या, पप्पांकडे बघून थबकल्या, मग जवळ येऊन बसल्या आणि पट्टा सोडून झग्याच्या दोन्ही बाजू उलट करून पुन्हा बांधल्या. पप्पा लहान पोरासारखे हात वर करून उभे. मी आमच्याबरोबर आलेल्या नेपाळी मुलाकडे बघितलं. तो चाचरत म्हणाला, "अंकल, दायाँ पल्ला ऊपर हो तो... वैसे सिर्फ मुर्दे को पहनाते हैं."

"मग बरोबरच नेसलो होतो मी," पप्पा मराठीत म्हणाले. त्या मुलाला ते कळलं नाही.

अंघोळीला जायची माझी इच्छा नव्हती. पण पप्पा उठले. "मसणातून आलोय. अंघोळ नको का?" पुरुषांच्या न्हाणीत सगळे कपडे काढूनच जायचं असतं. मी थिजलो. आजवर पप्पांना मी उघड्या अंगानं बघितलं होतं, पण चाळीच्या नळावर, चड्डीत. ते मात्र भिंतीकडे तोंड करून शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होते. आत बुटकी स्टुलं होती, लाकडी बादल्या होत्या. आधी बसून अंग घासायचं, मग कुंडात उतरायचं. पप्पा स्टूलवर बसले. त्यांच्या डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंतची कातडी कंपनीत अॅसिड उडालं तेव्हापासून चुरगळलेल्या प्लॅस्टिकसारखी आहे. ती इतकी खालपर्यंत गेलीय, हे मला माहीत नव्हतं. मी त्यांची पाठ चोळली. मधली हाडं हाताला लागत होती.

बाहेरच्या कुंडात आम्ही दोघंच होतो. कडेच्या दगडांवर बर्फ साचलेला, पाण्याला गंधकाचा वास. पाणी इतकं कढत की बोलायलाच सुचेना. पप्पा गळ्यापर्यंत बुडून समोर बघत होते.

"तुला राग आलाय," ते म्हणाले.

मी कडेच्या दगडावरचा बर्फ बोटानं खरवडला.

"तोंड राहिलं नव्हतं रे त्याचं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"पडला तो तोंडावर. सिमेंटवर. वर रात्रभर पाण्यात. मी पायावरनं ओळखला. लहानपणी पत्र्यानं कापलं होतं ना, ती खूण." त्यांनी पाण्यातून हात काढून चेहऱ्यावरून फिरवला. "ते घेऊन जाऊ तिच्यापुढं? तिनं कापड बाजूला करून बघितलं असतं. मग जन्मभर तेच दिसलं असतं तिला."

"मला तरी सांगायचं होतं."

"आता सांगितलं ना. हिला नाही सांगायचं. दगड म्हणू दे."

मग ते रडले. तोंड वर करून, आवाज न करता. वाफेत मला त्यांचा चेहरा धड दिसत नव्हता. मी त्यांच्याजवळ सरकलो नाही. नागडी दोन माणसं, बाप आणि मुलगा, जवळ कसं जायचं हेच मला कळत नव्हतं.

रात्रीच्या जेवणात लहान लहान वाट्यांत बरंच काही होतं. पप्पांनी जेवायच्या काड्यांना हात लावला नाही. बाईंनी न विचारता चमचे आणून ठेवले.

घरी आल्यावर आईनं ते भांडं हातात घेतलं नाही. "कुणाची असतील कुणास ठाऊक," म्हणाली. पप्पांना एवढंच विचारलं, "कसा दिसत होता?"

"झोपल्यासारखा."

तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढून ओट्यावर ठेवायची आणि आत निघून जायची. पप्पा एकटेच जेवायचे. नातेवाईकांसमोर ती म्हणायची, "मला तोंडसुद्धा दाखवलं नाही यांनी." पप्पा मान खाली घालून ऐकायचे. आम्ही चिखलोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तरी हे तसंच.

एका दुपारी पप्पा खाली गेले होते. आई तांदूळ निवडत होती. तिनं मला विचारलं, "तू बघितलंस का त्याला?"

तिनं विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, ते आठवेना. "नाही. मला आत जाऊ दिलं नाही."

"कुणी?"

"पप्पांनी."

तिचा हात थांबला. "म्हणजे एकट्यानंच बघितलं त्यांनी," ती म्हणाली. तांदळाचं ताट तिनं तसंच बाजूला सारलं.

त्या दिवशी पप्पा वर आल्यावर तिनं दोन ताटं मांडली आणि त्यांच्यासमोर बसली. दोघंही धड जेवले नाहीत. पुढच्या रविवारी आम्ही तिघं बदलापूरला उल्हास नदीवर गेलो. भांडं तिनं मांडीवर घेतलं होतं.