इंजिन मागेच आहे!

परवा मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयमध्ये मंडळाचा दसरा झाला. (अमेरिकेत दसरा शनिवारीच येतो, पंचांग काहीही म्हणो.) पार्किंग लॉटमध्ये वाहनपूजेसाठी पांढऱ्या-करड्या एसयूव्हींची रांग... आणि मधोमध माझी जुनी, पिवळी, जर्मन स्पोर्ट्स कार, नाइन-इलेव्हन.

अध्यक्ष देशपांडेकाका लगबगीने आले. "ताई, पूजा नव्या गाड्यांची आहे हो. ही जरा तिकडे लावता का?"

म्हटलं, "काका, दसऱ्याला घरातल्या सुऱ्या-कात्र्या पुजतो, त्या काय आदल्या दिवशी आणलेल्या असतात?"

शेजारी माझा नवरा सतीश बूट न्याहाळत उभा. माझी पन्नाशी उलटली, गुडघा दुखतो, म्हणून गाडी विकायची हे त्याने ठरवून टाकलेलं. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. मी हो म्हटलं नव्हतं... पण नाही तरी कुठे म्हटलं होतं?

गुरुजी कुंकू घेऊन आले. "बॉनेट उघडा." उघडलं. आत स्टेपनी आणि माझी छत्री.

"इंजिन?"

"मागे."

काका खो-खो हसले. "म्हणजे चुकीच्या जागी!"

आता डेट्रॉइटच्या दारात राहून, आयुष्यभर इंजिनांवर पोट भरून, हे ऐकून घ्यायचं? नाही जमलं. सुरूच झाले...

जन्मतःच हिचं नाव नऊशे एक ठेवलं, तर एक फ्रेंच कंपनी म्हणाली, मधे शून्य असलेली नावं आमची. यांनी शून्याचा एक केला, नऊशे अकरा, आणि कामाला लागले. इंजिन मागे, म्हणून जगातल्या शहाण्यांनी नावं ठेवली. वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललात तर ही शेपूट फिरवते, हेही खरंच!

पुढे खुद्द कंपनीलाच वाटलं, हिचं वय झालं. पुढे इंजिन असलेली एक समजूतदार गाडी आणली आणि पुढच्या वर्षांत कुठली गाडी कधीपर्यंत बनवायची त्या तक्त्यावर हिची रेघ संपवली. मग नवा साहेब आला. म्हणे त्याने मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याबाहेर, थेट भिंतीवर ओढत नेली. समजूतदार गाडी कधीच बंद झाली. ही अजून बनते आहे... इंजिन मागेच ठेवून.

सतीश हळूच म्हणाला, "अगं, पण गुडघा..."

"गुडघा माझा, क्लचही माझा. गाडी विकायची नाही."

"मग उद्याच्या माणसाला काय सांगू?"

"हेच."

त्याने तिथेच फोन काढून सौदा कॅन्सल केला. तेवढ्यात गुरुजी निमूट मागे गेले, झाकण उघडायला लावलं आणि इंजिनाला कुंकू लावलं. 'चुकीची जागा' वगैरे काही नाही... फक्त कुठे आहे ते विचारलं. त्यांचे मनापासून आभार.

बाकी ज्यांना माझं वय मोजायचंय त्यांनी खुशाल मोजावं... रस्त्यातून बाजूला होऊन.