अक्रोडाच्या रेघा

परवा पुण्यात, बाबांनी केलेल्या कपाटाला पॉलिश करताना लाकडाचा आणि पॉलिशचा वास आला आणि अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधला २००४चा उन्हाळा आठवला. जन्मभर सुतारकाम केलेले बाबा माझ्याकडे आले होते. शेजारच्या डॉक्टरांनी नवी ब्रिटिश गाडी दाखवायला दार उघडलं, तर बाबांनी बसण्याआधी चपला काढल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा मात्र डॅशबोर्डच्या लाकडावरून हलकेच बोट फिरवत राहिले. "एकाच अक्रोडाचे दोन पापुद्रे आहेत, बघ," ते म्हणाले. "पुस्तक उघडावं तसे लावलेत. डावीकडची प्रत्येक रेघ उजवीकडे आहे. कोणाचा हात असेल रे हा?"

परवा माझं फडकं मध्येच थांबलं. कपाटाच्या दोन्ही दारांवरच्या रेघा अगदी तशाच जुळल्या होत्या. लहानपणापासून मी ती दारं उघडत आलोय.