धुळं जवळ, अठवा लाइन्स लांब

आमच्या घरात सुरतेची अंतरं किलोमीटरवर ठरत नसत. धुळं जवळ होतं. आमच्या पांडेसऱ्याच्या नाक्यावरून गाडी निघायची, गाडीत सगळे ओळखीचे, उतरलं की भावकी. सुरतेतलंच अठवा लाइन्स मात्र लांब. तिकडे आपलं कुणी नव्हतं. सुरत म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मिलचं गेट, उधना स्टेशन, भाजीबाजार आणि गावची गाडी एवढंच येई. तापी मी पहिल्यांदा कधी पाहिली, तेही आठवत नाही.

हे मी आजवर गंमत म्हणून सांगत आलो. त्यातली एक गोष्ट गमतीची नाही.

नात यंदा बारावी झाली. तिला अठवा लाइन्सच्या एका कॉलेजात जायचं होतं. माझी लेक, म्हणजे तिची आई, शेजारच्या गल्लीत राहते. दुपारी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घेऊन माझ्याकडे येते. काम करता करता ती नातीला म्हणाली, "तिकडे नको. फार लांब आहे. दोन बस बदलाव्या लागतात."

"मम्मी, एकच बस आहे. अर्धा कलाक बी नाही लागत."

"तुला काय माहीत? आबांना विचार. ते जाऊन आलेत."

जाऊन आलो होतो, हे खरं. लेक बारावी झाली तेव्हा त्याच कॉलेजात चौकशी करायला मिलची पाळी सुटल्यावर गेलो होतो. एकाच बसने. कापड रंगवायचं काम, त्यामुळे हात कोपरापर्यंत जांभळे. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. मुली स्कूटीवरून आत जात होत्या, वॉचमन चहा पीत होता. मला कुणी अडवलं नाही. कुणी पाहिलंसुद्धा नाही. मीच परत फिरलो. घरी सांगितलं, दोन बस लागतात, पोरीला झेपायचं नाही. तिने वाद घातला नाही. पुढे तीच पोर कडेवर लेकरू घेऊन एकटी धुळ्याला जात-येत राहिली. अठवा लाइन्सला कधी गेली नाही.

"एकच बस आहे," मी म्हणालो. "तेव्हाही एकच होती."

लेकीचा हात थांबला. "मग दोन कोण बोललं?"

"मीच."

हातांचं सांगितलं, फुटपाथचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आत गेलाच नाहीत?"

"नाही."

"मग माले झेपणार नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

तिने पुन्हा टिकल्या उचलल्या.

सोमवारी मायलेकी कॉलेजात निघाल्या. लेक लग्नाला नेसते ती साडी नेसली होती. माझ्या दाराशी थांबून म्हणाली, "चला, आबा."

"तुम्ही जाऊन या. मी घरी थांबतो."

"का? लांब पडतं?"

मी चपला पायात घातल्या.