आठ हमालांची तिजोरी

पेढीवाल्यांच्या घरात पैशांपेक्षा किस्से लवकर साठतात. पैसे निदान कुणीतरी काढून नेतं, किस्से तिथंच राहतात. आमच्या घरचे किस्से बाहेर सांगायला मला मनाई होती. लहानपणापासून एकच नियम ऐकला: "गादीला प्रश्न विचारायचा न्हाय." गादी म्हणजे पेढीवरची पांढरी बैठक आणि तिच्यावर बसणारे माझे थोरले चुलते, आप्पा. का विचारायचा नाही, हाही प्रश्नच. म्हणून तोही विचारायचा नाही!

सोलापूरला कॉलेज करून मी धाराशिवला परत आले, तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. बाजारात अजून निजामाचा हाली रुपया चालत होता. पण तो लवकरच बंद होणार, हिंदुस्थानचा कलदार तेवढा राहणार, अशी आवई उठली. ज्यांच्या ठेवी आमच्याकडे होत्या ते सगळे "आमचं कलदारात द्या" म्हणायला लागले. आमच्याकडे हाली भरपूर आणि कलदार थोडे.

नेमका त्याच आठवड्यात आप्पांनी पेढीला चुना मारायला घेतला. दसऱ्याआधीची दरवर्षीची रीत. तिजोरी रिकामी करायची, समोरच्या गोदामात नेऊन ठेवायची. एरवी तिकडं कुणी बघतही नसे. यंदा अख्खा बाजार बघत होता, आणि चार हमाल गप्पा मारत तिजोरी घेऊन रस्ता ओलांडून गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आप्पांची तिजोरी चार माणसांत उचलते.

आप्पा भडकले. तिजोरी परत आणायला त्यांनी आठ हमाल लावले, आणि प्रत्येकाला कण्हण्याचे दोन आणे जादा कबूल केले. आठही जण असे कण्हले की गल्लीतल्या बायका कामं टाकून दारात आल्या. सगळं ठीक चाललं होतं. पण आप्पा मागून खुणा करायला लागले, अजून जोरात, अजून जोरात. तेव्हा पुढचा हमाल पायरीवर थांबला, कोरडं कपाळ पुसलं आणि भर रस्त्यात म्हणाला, "आप्पा, दोन आण्यात एवढंच कण्हणं बसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रांग!

रांगेवर आमच्या मुनिमांकडं, बसय्याकाकांकडं, एकच औषध होतं. सावकाशी. काका बोलायचे मराठीत, मोजायचे कन्नडमध्ये. प्रत्येक नाणं दगडावर वाजवायचे, दर वीस रुपयांनंतर पान लावायचे. मधेच विचारायचे, "थोरली कशी हाय? सासरी रमली का?" माणूस लेकीचं सांगत बसला की काकांची मोजणी चुकायची, आणि गाडी पुन्हा "ओंदु"वर, म्हणजे एकावर. दिवसाला सात माणसं सुटायची.

आठवी होती मालनबाई कासारीण. मला पहिल्या बांगड्या तिनंच भरल्या होत्या. गावोगाव फिरून बांगड्या विकून तिनं बारा वर्षं साठवलं होतं. तुळजापूरला देवळाच्या रस्त्यावर तिला दुकानाची जागा घ्यायची होती, आणि जागेवाला कलदाराशिवाय बोलत नव्हता. काकांनी नाणं वाजवत विचारलं, "मालनबाई, गुडघे कसे हायत?"

"तुमचं मोजून होईस्तोर बरे व्हतील," ती म्हणाली.

शेवटी आप्पा स्वतः उठले. "मुंबईच्या पेढीला लिवलंय. कलदार येतोय. चार दिवस थांब."

"तुमी म्हणताय म्हणून थांबते," म्हणून ती गेली. ती निघाली तशी तिच्यामागची निम्मी रांगही निघाली. आप्पांच्या शब्दापेक्षा मालनबाईच्या पाठीवर गावाचा जास्त भरवसा होता. हे मला दिसलं, आप्पांनाही दिसलं.

नळदुर्गकडचे एक पाटील मात्र हटले नाहीत. सगळी ठेव मोजून घेतली, पिशवीत भरली, आणि अर्ध्या तासात परत आले. "एवढं घेऊन वाटंनं जायला भ्या वाटतंय. ठेवून घ्या तुमच्याकडंच." काका पान लावता लावता म्हणाले, "ठेव ठेवायची रांग पलीकडं हाय." पलीकडं कुणीच नव्हतं. पाटील तिथं एकटे जाऊन उभे राहिले. काकांनी त्यांनाही तासभर थांबवलं.

मग आमच्यासकट गावातल्या तीन पेढ्यांच्या मालकांची आमच्या घरी बैठक झाली. मी चहा नेत होते, म्हणून सगळं ऐकलं. तिघांनी शपथ घेतली, एकमेकांकडं असलेली ठेव कुणी काढायची नाही. काढली तर सगळेच बुडू. तिघांचे डोळे भरून आले. त्याच वेळी तिघांचेही मुनीम ठेव काढायला एकमेकांच्या पेढ्यांकडं निघाले होते. मारुतीच्या पारावर तिघांची गाठ पडली! बसय्याकाकांनी पानाचा डबा उघडला. तिघांनी ठेव काढायच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, पान खाल्लं आणि आपापल्या पेढीवर परत गेले. काकांनी येऊन सांगितलं, "आप्पा, वसुली झाली. देणंबी झालं."

आणि मग मुंबईचं पत्र आलं. इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, म्हणून मला आतल्या खोलीत बोलावलं. आत आप्पा, माझे वडील आणि बसय्याकाका. बाहेर ओट्यावर पन्नासेक माणसं, सगळ्यांत पुढं मालनबाई. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, "कागद पोरीनं वाचावा. ती म्हणली येतंय, तर मी घरी जाते." बाकीचे म्हणाले, आमीबी.

मी वाचलं. चार ओळी होत्या. भाषा फार गोड, आणि उत्तर नकाराचं. कलदार पाठवणं जमणार नाही.

आप्पा म्हणाले, "बाहेर सांग, येतोय म्हणून."

"आप्पा, येत नाहीये."

"मला ठाऊक हाय. पंधरा दिवस मिळाले तर सोलापुरात गोदामातला माल विकून मी कलदार उभा करतो. आज पेढी बसली तर कुणालाच काय मिळणार न्हाय. मालनलाबी न्हाय."

हे खरं होतं. मला तेव्हाही पटलं होतं.

"मग हेच बाहेर सांगा ना तुम्ही."

"पेढीवाला असं सांगत नसतो."

वडील म्हणाले, "सुमे, थोरल्यांचं ऐक. तुला यातलं काय कळतंय?"

"इंग्रजी कळतंय. त्यासाठीच बोलावलंत ना?"

काका हळूच म्हणाले, "जरा सावकाश वाचलं तर?"

"कितीही सावकाश वाचलं तरी शेवटी तेच येतं, काका."

बाहेरून मालनबाईची हाक आली, "पोरी, काय लिवलंय गं?"

मी उठले. "ती माझ्या शब्दावर घरी जाणार आहे, आप्पा. खोटं वाचून मी तिला पाठवणार नाही. कागदात आहे तेच वाचणार. पंधरा दिवसांचं तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा, मी शेजारी उभी राहते."

मी कडी काढली. आप्पांनी डोक्यावरचा पटका उतरवून मांडीवर ठेवला. वडील त्यांच्याकडं बघत राहिले, काका पानाच्या डब्याकडं. मी कागद घेऊन ओट्यावर गेले आणि मालनबाईसमोर उभी राहून वाचायला लागले.