खोटं न बोलण्याचा नेम

सलूनवाला एके काळी असा थापाड्या होता, की गिऱ्हाइकं दाढीपेक्षा त्याच्या गप्पांसाठी येऊन बसायची. हवेतच कात्री वाजवत तो कुणाच्याही भांडणाला तिखटमीठ लावून सांगायचा. त्या जिभेनं त्यानं एकदाच खरं नुकसान केलं. आईच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला, तेव्हा त्यानं तिला आणि अण्णांना, म्हणजे वडिलांना, "काही नाही, साधी सूज आहे" असं बेमालूम पटवलं. आई दोन महिन्यांत गेली. नवराबायकोचं शेवटचं बोलणं राहूनच गेलं.

हे त्याच्या जिव्हारी लागलं. दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला तो जाऊन बसला, पंचशील घेऊन आला, आणि त्यातलं खोटं न बोलण्याचं शील त्यानं घट्ट धरलं. गप्पाच बंद पडल्या. गिऱ्हाइकं त्याला मौनीबुवा म्हणू लागली. "शोभतोय का कट?" असं विचारायचीही सोय उरली नाही, शोभत नसेल तर तो तसं तोंडावर सांगायचा.

अडचण झाली ती अण्णांची. त्यांची आठवण विरत चालली होती. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी सलूनवाला त्यांना खुर्चीत बसवून त्यांची दाढी करायचा, आणि फेस लावला की अण्णा विचारायचे, "तुझी आई कुठाय रे?"

"आई गेली, अण्णा. दीड वर्ष झालं."

आणि रोज अण्णांना ते पहिल्यांदाच कळायचं. "मला कुणी सांगितलं का नाही?" म्हणत म्हातारा हंबरडा फोडायचा, फेसातून पाणी ओघळायचं. सलूनवाला वस्तरा बाजूला धरून डोळे मिटायचा आणि शिकवल्याप्रमाणे स्वतःचा श्वास बघत राहायचा. त्याला वाटायचं, आपल्याला शिबिरातली समता, मनाचा तोल, साधला. कसली समता! तो उभ्या जागी पळून जात होता.

बहीण चार दिवस राहायला आली, तिनं हे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाजारात गेलीय म्हण ना! तुझं काय जातंय?"

"मी शब्द दिलाय, ताई."

"कुणाला दिलायस? ह्यांना रोज रडवीन म्हणून?"

त्याला रात्रभर ते डाचत राहिलं. सकाळी तो शिबिरात शिकवणाऱ्या बाईंकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अण्णा रडतात तेव्हा तू कुठे असतोस?"

"श्वासावर."

"मग त्यांच्याजवळ कोण असतं?"



दुसऱ्या दिवशी अण्णांचा नेहमीचा प्रश्न आला, तेव्हा त्यानं वस्तरा खाली ठेवला, स्टूल ओढून समोर बसला आणि अण्णांचे हात हातात घेतले. "आईची आठवण येतेय ना, अण्णा?" अण्णांनी मान हलवली आणि ते बोलू लागले. ती चाव्या कशी हरवायची, रागावली की भांडी किती जोरात घासायची, हसताना तोंडावर हात कसा घ्यायची. फेस वाळून गेला, त्यानं पुन्हा लावला. यात खोटं एक अक्षर नव्हतं. असे तीनचार महिने गेले, आणि त्या दोघांचे बरे दिवस म्हणायचे तर तेवढेच.

मग एका सकाळी फेस लावून झाला तरी अण्णा गप्पच राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. सलूनवाला ब्रश हातात धरून वाट बघायचा. आठवडा उलटला तेव्हा त्याला राहवेना.

"अण्णा, आई गेली," तो म्हणाला.

अण्णांनी आरशातून त्याच्याकडे नीट बघितलं. "अरेरे. तुमची आई का? फार वाईट झालं हो." मग अंगावरच्या कापडाखालून हात काढून त्यांनी त्याचं मनगट धरलं. "रडला नाहीत वाटतं अजून. रडून घ्या. मला दाढीची घाई नाही."

सलूनवाला तिथेच खाली बसला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडला. अण्णा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि हा कुणाचा मुलगा ते त्यांना ठाऊक नव्हतं.