आजोबांची लढाई आणि माझं भाषांतर

थापा मारण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरू शकत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. एवढं मात्र शंभर टक्के खरं. जर्मनीचा तो 'मिशीवाला' आणि इटलीचा तो 'टकल्या'. या दोघांची नावं त्यांनी आयुष्यात कधी घेतली नाहीत. "टकल्याचं बरं चाललं होतं रे," ते मला लहानपणी सांगायचे, "पण आमची पलटण बोटीतून उतरली, मी बंदूक रोखली आणि गडी सुतासारखा सरळ झाला." मी शाळेत जाऊन त्यात पदरचे दोन रणगाडे घालून तीच गोष्ट सांगायचो.

पुढे मी अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. नव्वदच्या दशकात आम्ही तिथल्या ईडन प्रेरी नावाच्या गावात राहत होतो, तेव्हा अण्णा चार महिन्यांसाठी आमच्याकडे आले. माझी मुलगी त्या वेळी पाचवीत होती. मराठीत काहीही विचारा, उत्तर इंग्रजीत. हिचं मराठी आटलं, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

युद्ध संपून पन्नास वर्षं झाली म्हणून तिच्या वर्गात तोच विषय चालू होता. बाईंनी विचारलं, कुणाचे आजोबा लढाईत होते का? हिनं हात वर केला. शेजारचा मुलगा म्हणाला, इंडिया त्या वॉरमध्ये नव्हतंच, तू खोटारडी आहेस. सगळे हसले. पोर रडत घरी आली.

"बाबा, ब्रिंग आजोबा टू माय क्लास, प्लीज. एव्हरीबडी थिंक्स आय मेड इट अप."

म्हटलं, येतो. आजोबा मराठीत बोलतील, मी इंग्रजीत सांगेन. त्यात काय अवघड आहे?

शुक्रवारी गेलो. तीन अमेरिकन आजोबा आधीच येऊन बसले होते, कोटावर पदकं, डोक्यावर पलटणीच्या टोप्या. आमच्या अण्णांच्या अंगात माझं जुनं जॅकेट, बाह्या दुमडलेल्या, आणि डोक्याला माकडटोपी. त्या तिघांतले एक इटलीत लढलेले निघाले. ते उठले आणि त्यांनी अण्णांना कडक सलाम ठोकला. अण्णांनीही ठोकला. पण हात खाली येईपर्यंत त्यांचा चेहरा बदलला होता.

"पोरांनो," अण्णा म्हणाले, "मी बंदूक चालवली नाही. मी आचारी होतो. पलटणीसाठी रोट्या भाजायचो."

आयला! माझी चाळिशी आली, आणि हे मी आज ऐकत होतो. खऱ्या शिपायापुढे त्यांना थाप मारवेना, हे कळत होतं. पण मुहूर्त हाच सापडावा? समोर माझी पोरगी मान ताठ करून बसलेली, शेजारी तो मुलगा. मी घसा खाकरला आणि इंग्रजीत सांगितलं, "माझे वडील म्हणतात, ते आघाडीवर मशीनगन चालवायचे."

"कुठली मशीनगन?" इटलीवाल्या आजोबांनी विचारलं.

"मोठी," मी म्हणालो.

अण्णा आपल्या नादात पुढे बोलत होते. "एका गावात उपाशी लोक रांगेनं आले. बायका, म्हातारे, सगळे गोरे. माझ्या हातून रोटी घेतली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली. आणि आमच्या गावात? आमच्या जातीच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं. त्या दिवशी मी रोट्या भाजता भाजता रडलो."

ती जातीची ओळ मी सरळ गिळली. ऑफिसातल्या मराठी मंडळींपासून इतकी वर्षं जपून लपवलेली गोष्ट पाचवीच्या वर्गात कशाला सांगायची? मी म्हणालो, "त्यांनी एक अख्खं गाव शत्रूच्या तावडीतून सोडवलं. लोक आनंदानं रडले."

टाळ्या पडल्या. तो शेजारचा मुलगाही टाळ्या वाजवत होता. अण्णा खूश! रोट्यांना एवढ्या टाळ्या पडतील असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि तेवढ्यात माझी मुलगी उभी राहिली.

"दॅट्स नॉट व्हॉट ही सेड."

मी डोळे वटारले. तिनं बघितलंच नाही. एक लबाड मोठ्यानं बोलतो आणि बाकीचे गप्प बसतात, तेव्हा हुकूमशहा तयार होतो, असं बाईंनी त्याच आठवड्यात शिकवलं होतं म्हणे. कार्टीनं तो धडा माझ्यावरच चालवला. आचारी, रोट्या, ती रांग, सगळं तिनं शब्द न् शब्द सांगितलं. जातीला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती म्हणाली, गावातल्या लोकांना आजोबांचे हात घाण वाटायचे, पण ते घाण नव्हते.

कुणी हसलं नाही. इटलीवाले आजोबा उठून आले आणि अण्णांचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी पुटपुटले. अण्णांनी अर्थ विचारला तो नातीला, मला नाही.

"ते म्हणतात, तेव्हा त्यांना पण खूप भूक लागायची," ती मराठीत म्हणाली.

परत येताना गाडीत मागच्या सीटवरून अगदी स्वच्छ मराठीत प्रश्न आला. "बाबा, तुला आजोबांची लाज वाटते का?"

"छे! काहीतरीच काय!"

"खरं सांग रे," शेजारी बसलेले अण्णा म्हणाले. "नाहीतर ती पुन्हा उभी राहील."

मी नजर रस्त्यावरच ठेवली. "वाटली," मी म्हणालो.

अण्णांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली.

"मलापण वाटायची," ते म्हणाले. "म्हणून तर तुला बंदूक सांगितली."