थाळीवरचं डाळिंब

संग्रहालयात फुटकी भांडी जोडण्यात तीस वर्षं घालवलेल्या बाईंना सगळे डिंकाताई म्हणत. चिनी मातीच्या ठिकऱ्यांचं भांडं त्या असं उभं करत, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. स्वतःचा चष्मा मात्र रोज शोधावा लागे.

त्या आठवड्यात त्यांचं कशातच चित्त लागत नव्हतं. हातातला चहा निवायचा, बसल्या की उठायच्या. कारण एकच, ती पाचशे वर्षांची निळी-पांढरी चिनी थाळी. तिच्यावर द्राक्षं, पीच आणि उकललेलं डाळिंब. एक म्हातारे प्राध्यापक चार दिवस काचेला नाक लावून ते डाळिंब बघत होते. "असं डाळिंब दुसऱ्या कुठल्याही थाळीवर नाही," ते सगळ्यांना सांगत. त्यावरचं त्यांचं पुस्तक उद्या छपाईला जाणार होतं.

आणि ते डाळिंब डिंकाताईंनी काढलेलं होतं.

थाळी आली तेव्हा तिथे भोक होतं, कडेला नुसतं एक पान. भरलेली जागा सहा फुटांवरून कळू नये, पण सहा इंचांवरून कळावी, हा या कामातला नियम. तरुणपणाच्या रगीत त्यांनी मनानेच फळ रंगवलं आणि जोड पार बेमालूम केला. साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा त्या गप्प बसल्या.

"दोन महिन्यांनी निवृत्त होणार तू," नवरा म्हणाला. "कशाला खरं सांगून पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"अहो, प्राध्यापकांनी यात केस पांढरे केलेत. उद्या लोक हसतील त्यांना."

खरं तर प्राध्यापकांनी केलेलं त्या डाळिंबाचं कौतुक डिंकाताईंना आवडलंही होतं. लाज त्याचीच जास्त वाटत होती.

सकाळी त्यांनी थाळी काचेतून काढून प्राध्यापकांपुढे धरली. "गाल लावून बघा, सर."

थाळी गार लागली. डाळिंब तेवढं गार नव्हतं; ती चिनी माती नव्हतीच. प्राध्यापकांचा चेहरा उतरला.

डिंकाताईंनी द्रावणात कापूस बुडवला आणि डाळिंबावरून फिरवला. एकेक दाणा निळा होऊन बोळ्यावर आला, खाली पांढरं प्लास्टर उरलं.

मग प्राध्यापकांनी त्या एकट्या पानावर बोट ठेवलं.

"मग इथे खरं कुठलं फळ होतं?"

"माहीत नाही, सर. मला तेव्हाही माहीत नव्हतं."